सर्व्हरची इमेज हाताने काढणं थांबवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातली सहा जणांची टीम आहे, गरब्याचे पास ऑनलाइन विकण्याचं काम त्यांच्याकडे आहे. सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये (डेटा सेंटरांच्या गटात), उबंटूवर. पास खुले झाले की ऑटोस्केलिंग नवे सर्व्हर उभे करतं, पण प्रत्येक नवा सर्व्हर चालू झाल्यावर एनजिनएक्स, पीएचपी, मॉनिटरिंगचा एजंट असं एकेक उतरवून घेत बसतो. तो कामाला लागेपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात आणि तोवर साइट आडवी झालेली असते. म्हणून त्यांनी चालू सर्व्हरवरून कन्सोलमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या नियंत्रण पानावर) बटण दाबून इमेज, म्हणजे सगळं बसवलेल्या डिस्कची प्रत, काढायला सुरुवात केली. आता ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-नवीन’ अशा इमेजांचा ढीग झालाय आणि कशात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. विचारलंय ते असं: पॅकर (फाइलमधल्या सूचनांवरून इमेज बांधणारं टूल) शिकावं, अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा इमेज बिल्डर घ्यावा, की अ‍ॅन्सिबल (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवून देणारं टूल) आहे तेवढं पुरे?

पॅकर घ्या आणि अ‍ॅन्सिबल त्याच्या पोटात चालवा. टूलचं उत्तर एवढंच, आणि ते शिकायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही. वेळ लागतो तो इमेजमध्ये काय असू नये हे ठरवायला. माझ्या पाहण्यात इमेजांचे जे घोळ झाले, ते बहुतेक आत नको ते राहून गेल्याने झाले. काही घालायचं राहिलं तर ते लगेच कळतं आणि लगेच दुरुस्तही होतं.

आधी कन्सोलच्या बटणाबद्दल. चालत्या सर्व्हरची इमेज काढताना अ‍ॅमेझॉन मशीन रीबूट करतं. दिवसाढवळ्या रीबूट नको म्हणून लोक तो पर्याय बंद करतात, ऑफिसात कुणीतरी ‘चालशे’ म्हणतं आणि पुढे जातात. रीबूट न करता घेतलेल्या इमेजमधली फाइलसिस्टीम सुसंगत असेलच याची हमी अ‍ॅमेझॉन देत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या सर्व्हरवर वर्षभरात रात्री-अपरात्री कुणी काय काय केलं, ते सगळं इमेजसोबत येतं. एक नमुना सांगतो. लॉग ठेवायला कुणीतरी जादा डिस्क जोडलेली असते आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) तिची ओळ लिहिताना ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) घातलेलं नसतं. पुढे कुणीतरी जागा वाचवायला ती डिस्क वगळून इमेज काढतं. मूळ सर्व्हर मजेत चालतो. त्या इमेजवरचा नवा सर्व्हर मात्र बूट होताना ती डिस्क शोधत बसतो, ती सापडत नाही, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि एसएसएच (दुरून आत शिरायची वाट) उत्तर देत नाही. कन्सोल सांगतं, इन्स्टन्स (म्हणजे हा सर्व्हर) ‘रनिंग’ आहे. हे ऐन गर्दीत घडलं की कारण शोधायला कुणाचं डोकं थाऱ्यावर नसतं.

पॅकर याच्या उलट्या टोकापासून सुरुवात करतो. मूळ, कोरी उबंटू इमेज घेतो, तिच्यावर एक तात्पुरता इन्स्टन्स उभा करतो, तात्पुरती की आणि तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप बनवतो, एसएसएचने आत जाऊन तुमच्या स्क्रिप्ट किंवा अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक (कामांची यादी) चालवतो, मशीन थांबवतो, त्याची इमेज काढतो आणि मागचा सगळा पसारा आवरून टाकतो. हे सगळं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं, फाइल गिटमध्ये (आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये). हॅशीकॉर्पने हे टूल २०१३ मध्ये आणलं. सुरुवातीला जेसॉनमध्ये टेम्प्लेट लिहायचे. आता हॅशीकॉर्पच्या स्वतःच्या भाषेत, एचसीएलमध्येच लिहा. जालावर अजून जेसॉनची उदाहरणं भरपूर सापडतात, ती उचलू नका.

आता आत काय घालायचं. दोन टोकं आहेत: सगळं आधीच इमेजमध्ये भरून ठेवायचं, किंवा कोरी इमेज घेऊन सगळं बूट होताना बसवायचं. तुम्ही आत्ता दुसऱ्या टोकाला आहात. बडोद्यात राहणाऱ्याला हे समजावायला सेव-उसळीची गाडी पुरते: उसळ सकाळपासून शिजून तयार असते, तर्री उकळत असते, पण शेव ताटलीत पडते ती गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर, आधी घातली तर लगदा होतो. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, एनजिनएक्स, पीएचपी आणि त्याची एक्स्टेन्शन, एजंट, लॉग फिरवण्याची सेटिंग हे सगळं इमेजमध्ये. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, हा सर्व्हर स्टेजिंगचा की प्रॉडक्शनचा, हे बूट होताना.

तुमचा स्वतःचा कोड? इथे मतभेद आहेत. पण तुमच्यासारखी गर्दी एकदम येत असेल तर कोडसुद्धा आतच हवा. बूट होताना गिट क्लोन आणि कंपोझर इन्स्टॉल (कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी उतरवणं) चालवलं तर तुमच्या सर्व्हरचं उभं राहणं बाहेरच्या दोन-तीन सेवांच्या भरवशावर जातं, आणि त्यांना तुमच्या नवरात्राशी काही देणंघेणं नाही. म्हणून टेम्प्लेट दोन करा. पहिला पायाचा: उबंटू, अपडेट, पॅकेजेस, एजंट; तो आठवड्याला एकदा बांधला जाईल. दुसरा त्या पायावर फक्त कोड ठेवणारा. तो प्रत्येक रिलीझला. दुसऱ्याला करण्यासारखं काम कमी असल्याने तो लवकर उरकतो आणि रिलीझच्या दिवशी कुणी कंटाळून आडवाटेने जात नाही.

बूट होतानाचं काम क्लाउड-इनिट (उबंटूच्या इमेजमध्येच असलेला प्रोग्राम) करतं, यूझर-डेटामधून (सर्व्हर उभा करताना सोबत दिलेला मजकूर). यूझर-डेटाला १६ केबीची मर्यादा आहे आणि ती चांगलीच आहे. तिच्या जवळपास पोचलात तर समजा की इमेजमधलं काम बाहेर सांडतंय. माझ्याकडच्या यूझर-डेटात पाच-सात ओळींच्या वर काही नसतं: वातावरणाचं नाव वाच, पॅरामीटर स्टोअरमधून (अ‍ॅमेझॉनची सेटिंग साठवायची सेवा) सेटिंग आण, सर्व्हिस चालू कर. पासवर्ड आणण्याची परवानगी इन्स्टन्सच्या आयएएम रोलमधून (अ‍ॅमेझॉनमध्ये त्याला दिलेले अधिकार), कुठेही लिहिलेल्या कीमधून नाही.

पासवर्डांवरून मुख्य मुद्द्यावर येतो. बिल्ड चालू असताना खाजगी रिपॉझिटरीतून काही उतरवायचं म्हणून टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) फाइलमध्ये ठेवलं आणि शेवटच्या स्क्रिप्टमध्ये ती फाइल पुसली, असं सर्रास चालतं. फाइल पुसली म्हणजे नोंद गेली. डिस्कवरचे ब्लॉक तसेच असू शकतात, आणि इमेजमागचा स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत) ब्लॉकचा असतो. ज्याच्या हाती ती इमेज लागेल तो त्यातून व्हॉल्यूम बनवून दुसऱ्या मशीनला जोडू शकतो आणि पुसलेलं शोधू शकतो. टोकन डिस्कवर पडूच देऊ नका. मेमरीतल्या टीएमपीएफएसवर ठेवा, किंवा त्याहून सोपं म्हणजे कोडचं पॅकेज पाइपलाइनमध्ये (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) आधीच तयार करा आणि पॅकरच्या फाइल प्रोव्हिजनरने आत सोडा. मग मशीनला टोकनची गरजच नाही. पॅकरमध्ये व्हेरिएबलला ‘सेन्सिटिव्ह’ म्हणता येतं, पण त्याने ते फक्त आउटपुटमध्ये झाकलं जातं. इमेजमध्ये काय उरलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी नको असलेली गोष्ट म्हणजे मशीनची ओळख. एका मशीनची इमेज काढून तिच्यातून पन्नास मशीनं जन्माला घालायची, तर पहिल्याची ओळखपत्रं पन्नासांच्या खिशात जाऊन चालणार नाही. इटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची छोटी फाइल असते. ती पुसू नका, रिकामी करून ठेवा. पहिल्या बूटला सिस्टमडी (सर्व्हिस चालू करणारा उबंटूचा भाग) तिच्यात नवा आयडी भरतं. रिकामी केली नाही तर सगळे सर्व्हर एकच आयडी मिरवतात. अ‍ॅमेझॉनवर आयपी पत्ते त्यामुळे गोंधळत नाहीत, पण कुणी हाच टेम्प्लेट उद्या ऑफिसातल्या प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वापरला तर दोन मशीनांना डीएचसीपीकडून एकच पत्ता मिळण्याची वेळ येऊ शकते, कारण तिथे मशीन-आयडीवरूनच क्लायंटची ओळख बनवली जाते.

मॉनिटरिंगचा एजंट हा याचाच धाकटा भाऊ. बरेच एजंट पहिल्यांदा चालू झाल्यावर सर्व्हरकडे नोंदणी करतात आणि मिळालेला आयडी डिस्कवर लिहून ठेवतात. बिल्डच्या वेळी एजंट बसवला, पॅकेजने तो आपसूक चालूही केला, नोंदणी झाली, आणि तो आयडी इमेजमध्ये गेला. मग बारा सर्व्हर चालू असताना डॅशबोर्डवर एकच दिसतो, त्याचा सीपीयू क्षणात ९० टक्के आणि क्षणात ५. आलेख पाहून वाटतं अ‍ॅप्लिकेशनला झटके येतायत, आणि लोक पीएचपीचा कोड वाचत बसतात. एजंट बसवा, बूटला चालू होईल असं ठेवा, पण बिल्डमध्ये चालू होऊ देऊ नका. झालाच तर थांबवून त्याची आयडीची फाइल काढा.

एसएसएचच्या होस्ट की क्लाउड-इनिट नव्या इन्स्टन्सवर नव्याने बनवतं, तरी बिल्डच्या शेवटी त्या काढाव्यात. आणि हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: पॅकरने आत जायला जी तात्पुरती की बनवली, तिचा सार्वजनिक भाग ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये पडून राहतो. खाजगी भाग फेकलेला असतो म्हणून धोका मोठा नाही, पण ऑडिटवाल्याने विचारलं ‘ही की कुणाची’ तर उत्तर देताना तारांबळ उडते. ती काढणारा पर्याय पॅकरमध्येच आहे, टेम्प्लेटमध्ये एक ओळ लिहायची. शेवटची स्क्रिप्ट म्हणून क्लाउड-इनिट क्लीन, लॉगसकट.

टेम्प्लेट लिहिताना पहिल्या दिवशी अडवणाऱ्या जागा ठराविक असतात. ‘वेटिंग फॉर एसएसएच’वर अडकून पाच मिनिटांनी बिल्ड मेलं, तर बहुधा ज्या सबनेटमध्ये मशीन उभं राहिलं त्याला पब्लिक आयपी मिळत नाही. एकतर तो द्या, किंवा सेशन मॅनेजरवरून (अ‍ॅमेझॉनचीच सर्व्हरमध्ये शिरायची सेवा) जोडायला सांगा. मला दुसरं आवडतं, कारण मग कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही. पोर्टच उघडणार असाल तर हे लक्षात असू द्या की पॅकरचा तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप मुळात सगळ्या जगाला २२ नंबर उघडा ठेवतो. तो आपल्या आयपीपुरता आवळता येतो.

मग येतं ‘डीपीकेजीचं लॉक मिळालं नाही’ (डीपीकेजी म्हणजे उबंटूचं पॅकेज बसवणारं टूल, ते एका वेळी एकालाच वापरता येतं). कधी येतं, कधी येत नाही, म्हणून लोक स्क्रिप्टमध्ये स्लीप ३० घालतात. कारण साधं आहे. कोरी उबंटू जागी झाल्या झाल्या स्वतःचे अपडेट बघायला लागते आणि क्लाउड-इनिटचंही काही चाललेलं असतं. त्याच वेळी तुमचं अ‍ॅप्ट घुसतं. पहिली स्क्रिप्ट म्हणून क्लाउड-इनिट स्टेटसला वेट लावून चालवा आणि अ‍ॅप्टला लॉकसाठी थांबायची मुदत द्या. उबंटू २२.०४ पासून नीडरीस्टार्टचा जांभळा चौकोन मध्येच ‘कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करू’ विचारतो आणि उत्तराची वाट बघत बिल्ड लटकतं. एन्व्हायर्नमेंटमध्ये डेबियन-फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह आणि नीडरीस्टार्टचा मोड ‘ए’ केला की गप्प बसतो.

बिल्ड फसलं की पॅकर सगळं पुसून मोकळा होतो, म्हणजे काय बिघडलं ते बघायला मशीनच उरत नाही. ऑन-एरर आस्क देऊन चालवा. तो थांबतो, तुम्ही आत जाऊन बघू शकता. पाइपलाइनमध्ये मात्र हा पर्याय ठेवू नका, तिथे उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं.

मूळ इमेज निवडताना नावाच्या नमुन्यावरून ताजी इमेज शोधतात. यात मालकाचा खाते क्रमांक दिलाच पाहिजे, उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचा. कुणीही त्याच धर्तीच्या नावाची सार्वजनिक इमेज टाकू शकतं, आणि ‘सगळ्यात नवी दे’ म्हटलं की ती पुढे येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेटाडॉगच्या सुरक्षा संशोधकांनी नेमका हाच हल्ला ‘हूएएमआय’ नावाने दाखवला (एएमआय म्हणजे अ‍ॅमेझॉनवरची इमेज). पॅकरचा फिल्टर मालक विचारल्याशिवाय पुढे जात नाही, पण तुमच्याकडे कमांड लाइनच्या जुन्या स्क्रिप्ट असतील तर त्या तपासा. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०२४ मध्ये ‘अलाउड एएमआय’ आणलंय; त्यात खात्यापुरते विश्वासाचे मालक ठरवून देता येतात.

इमेज तयार झाली म्हणजे वापरायला योग्य झाली असं धरू नका. ज्या मशीनवर बांधली तिथेच तपासण्याला फार अर्थ नाही, कारण ते मशीन नव्या कर्नलवर रीबूटच झालेलं नसतं. नव्या इमेजवरून वेगळा इन्स्टन्स उभा करा, एनजिनएक्स आणि पीएचपी बूटला आपोआप आले का, हेल्थचा पत्ता २०० देतो का, मशीन-आयडी बदलला का, हे बघा. गॉससारख्या टूलमध्ये हे याम्लमध्ये लिहिता येतं. दहा ओळींची शेल स्क्रिप्टही चालेल. पास झालं तरच इमेजचा आयडी पॅरामीटर स्टोअरमधल्या एका ठरलेल्या नावावर लिहा. लाँच टेम्प्लेटमध्ये (नवा सर्व्हर कसा उभा करायचा त्याची अ‍ॅमेझॉनमधली नोंद) थेट आयडी न घालता त्या नावाचा हवाला देता येतो. मग ऑटोस्केलिंग ग्रुपला इन्स्टन्स रिफ्रेश सांगितलं की जुने सर्व्हर टप्प्याटप्प्याने बदलतात. मागे जायचं असेल तर त्या नावावर जुना आयडी लिहायचा आणि पुन्हा रिफ्रेश.

आठवड्याचं वेळापत्रक कशासाठी, असं मालक विचारतील. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधली ‘रेग्रेशन’ (regreSSHion) नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ज्यांची इमेज बटणासरशी बांधली जात होती त्यांनी बिल्ड चालवलं, रिफ्रेश केलं आणि विषय संपला. बाकीच्यांच्या चालू सर्व्हरवर पॅच गेला, पण इमेज जुनीच राहिली. पुढच्या स्केलिंगला तीच त्रुटी नव्या सर्व्हरमधून परत आली. आठवड्याच्या बिल्डचा दुसरा उपयोग म्हणजे बिल्ड मोडलं तर आठवड्यात कळतं. वर्षाने चालवलेला टेम्प्लेट सहसा चालत नाही. पाइपलाइनला अ‍ॅमेझॉनची कायमची की देऊ नका, ओआयडीसीने (की न साठवता ओळख पटवायची पद्धत) तात्पुरता रोल घ्यायला लावा. आणि वेळ लावताना यूटीसीचा साडेपाच तासांचा फरक धरा, नाहीतर ‘रात्रीचं’ बिल्ड भर सकाळी चालू होतं.

एवढं सगळं करून नवा सर्व्हर मिनिटाभरात उभा राहील, पण पहिल्या काही रिक्वेस्ट रेंगाळतील, आणि तुम्ही मला शिव्या घालाल. स्नॅपशॉटवरून बनलेल्या डिस्कचे ब्लॉक पहिल्यांदा वाचले जातात तेव्हा ते एसथ्रीमधून (अ‍ॅमेझॉनची साठवणुकीची सेवा) ओढून आणले जातात, म्हणून पहिलं वाचन मंद असतं. फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर याच्यावर उपाय आहे, पण तो प्रत्येक स्नॅपशॉटला, प्रत्येक झोनला, तासाच्या हिशोबाने पैसे घेतो. कायम चालू ठेवला तर बिल बघून घाम फुटेल. तुमची गर्दी कधी येणार हे आधी माहीत असतं. तेव्हा स्वस्तातला मार्ग म्हणजे पास खुले व्हायच्या अर्धा तास आधी वेळापत्रकाने सर्व्हर वाढवून ठेवायचे आणि हेल्थ चेकमध्ये अ‍ॅप्लिकेशनचं खरं पान मागवायचं, म्हणजे लोड बॅलन्सर गार सर्व्हरकडे गिऱ्हाईक पाठवत नाही.

साठलेल्या जुन्या इमेजांचं काय? नोंदणी रद्द केली म्हणून स्नॅपशॉट जात नाहीत. ते वेगळे काढावे लागतात किंवा रद्द करतानाच तसा पर्याय मागावा लागतो. ‘इमेज काढल्या तरी बिल तेवढंच’ ही तक्रार इथून येते. काढण्याआधी कोणता लाँच टेम्प्लेट कोणत्या इमेजकडे बोट दाखवतो ते बघा. वापरातली इमेज काढली तर चालू सर्व्हरना काही होत नाही, सगळं हिरवं दिसतं. मात्र नवा सर्व्हर उभा करायची वेळ आली की तो उभाच राहत नाही. इमेज शेवटची कधी वापरली गेली हे अ‍ॅमेझॉन सांगतं, त्याचा आधार घ्या. यापुढे प्रत्येक इमेजच्या नावात बिल्डची वेळ असू द्या (नाव खात्यात आणि रीजनमध्ये एकमेव लागतंच) आणि टॅगमध्ये गिटचा कमिट. मूळ इमेज कोणती होती तेही टॅगमध्ये. मी पायाच्या शेवटच्या चार आणि कोडच्या शेवटच्या दहा ठेवतो. बाकीच्यांना डेप्रिकेट करून (जुनी झाल्याची खूण लावून) महिन्याने काढतो.

हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे, आणि मुंबई बंद पडली तर तिकडे जायचा तुमचा विचार असेल तर इमेज तिकडेही लागेल, कारण इमेज एका रीजनपुरती असते. पॅकरला दोन रीजनची यादी दिली की कॉपी तोच करतो. एन्क्रिप्शनची की मात्र त्या त्या रीजनची वेगळी द्यावी लागते. आणि स्टेजिंग-प्रॉडक्शनची खाती वेगळी असतील तर अ‍ॅमेझॉनच्या तयार कीने एन्क्रिप्ट केलेली इमेज दुसऱ्या खात्याला देता येत नाही, स्वतः बनवलेली केएमएस (अ‍ॅमेझॉनची एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी सेवा) की लागते. हे पहिल्याच दिवशी ठरवा.

राहिला इमेज बिल्डर. २०१९ च्या अखेरीस आला, सेवेचे वेगळे पैसे नाहीत, मशीन आणि स्टोरेजचे तेवढे लागतात. वेळापत्रक, तपासणी, रीजनमध्ये वाटप, सगळं तयार मिळतं. कन्सोलमध्येच राहणाऱ्या टीमला तो सोयीचा. माझी अडचण अशी की चूक शोधताना फेरी लांब पडते, आणि त्यात लिहिलेल्या कृती अ‍ॅमेझॉनच्याच पद्धतीला बांधलेल्या राहतात. पॅकरचं अ‍ॅन्सिबल प्लेबुक तुम्ही लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनवरही चालवून बघू शकता. पॅकरचा परवाना ऑगस्ट २०२३ पासून बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) झालाय आणि फेब्रुवारी २०२५ पासून हॅशीकॉर्प आयबीएमची आहे, पण तुम्ही स्वतःच्या कामासाठी इमेज बांधताय, हॅशीकॉर्पशी स्पर्धा करणारी सेवा विकत नाही, त्यामुळे तुमच्या वापराला आडकाठी नाही. नुसत्या अ‍ॅन्सिबलवर राहिलात तर दहा मिनिटांचा प्रश्न जागच्या जागी राहतो, कारण तेच काम बूटच्या वेळी होत राहणार. लिहिलेली प्लेबुक मात्र वाया जात नाहीत. ‘होस्ट’ची यादी आणि पासवर्डचा भाग काढून टाका, बाकी जवळजवळ जशीच्या तशी पॅकरमध्ये बसतात.